रात्री नऊला बातम्यांऐवजी डिटेक्टिव्ह मालिका: कोणत्या, कशा आणि किती?

तलावपाळी
मंडळी, संध्याकाळी घरी येऊन टीव्ही लावला की समोर आरडाओरडीची चर्चा, नाहीतर ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी. त्यापेक्षा डिटेक्टिव्ह मालिका बघाव्यात असं म्हणणारे या कट्ट्यावर बरेच आहेत. पण दर वेळी नुसती नावांची यादी पडते आणि त्यातल्या निम्म्या मालिका या कामाच्या नसतात. मालिका म्हणून उत्तम असतात, पण बघून झोप उडते. म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या मते डोकं शांत होतं ते गोष्ट संपते म्हणून. हेर किती हुशार, पोशाख किती देखणे, हे सगळं नंतरचं. बातमीला शेवट नसतो. नऊच्या चर्चेतला विषय दहा वाजता होता तिथेच, सकाळी पेपरात पुन्हा तोच. मालिकेत खून होतो, कोणीतरी नीट विचारपूस करतं, आणि झोपायच्या आत कोणी आणि का केला ते कळतं. तेव्हा पहिली कसोटी हीच: गुन्हा, तपास आणि उलगडा एका बैठकीत. दुसरी, खऱ्या घटनेवर बेतलेली मालिका या वेळेला नको, ती बातमीचंच दुसरं रूप आहे. तिसरी, लहान मूल बळी पडलेलं असेल तर ती मालिका शनिवार दुपारसाठी ठेवा.

उदाहरण देतो. ब्रिटनच्या 'ब्रॉडचर्च'चा २०१३चा पहिला सीझन अप्रतिम आहे, पण अकरा वर्षांच्या मुलाचा खून आणि त्या एका खुनाला आठ एपिसोड. डेन्मार्कच्या 'फोरब्रुडेल्सन'च्या २००७च्या पहिल्या सीझनमध्ये एका खुनाला वीस एपिसोड. रोज रात्री शेवटाला एक नवीन टांगणी. बातम्या सोडून जे टाळायचं होतं तेच पुन्हा हातात.

थकलेल्या माणसाने सुरुवात 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेपासून करावी. खुनी पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच दिसतो, त्यामुळे दचकणं नाही, नावं लक्षात ठेवणं नाही. प्रश्न एकच: हा सापडणार कसा? १९६८ ते २००३ मध्ये मिळून ६९ एपिसोड. एपिसोड दोन लांब्यांचे आहेत, एक साधारण सव्वा तासाचे आणि दुसरे दीड तासाच्या थोडे पुढे जाणारे, त्यामुळे सुरू करण्याआधी लांबी बघा. त्यानंतर डेव्हिड सुशेचा 'प्वारो' (१९८९ ते २०१३, ७० एपिसोड). सुरुवातीचे बहुतेक एपिसोड पन्नास मिनिटांचे आहेत, नऊला लावला की दहाच्या आत मोकळे. जेरेमी ब्रेटचा होम्स (१९८४ ते १९९४) तसाच, ४१ पैकी ३६ एपिसोड पन्नास मिनिटांचे.

ज्यांना टीव्ही, केबल, आवाज वगैरेतलं कळतं त्यांनी त्या बाजूने लिहा. जमवाजमव नीट नसेल तर माणूस पुन्हा न्यूज चॅनलवरच येऊन पडतो.

जोडणी_ऐरोली
या विषयावर कोणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर.

टीव्ही लावला की बातम्या का दिसतात? बऱ्याच केबल सेट-टॉप बॉक्समध्ये बॉक्स सुरू झाल्यावर पहिलं चॅनल ऑपरेटरने ठरवलेलं असतं आणि ते अनेकदा न्यूज असतं. रिमोटवर हात जाईपर्यंत अर्धा मिनिट जातो आणि तेवढ्यात माणूस अडकतो. बॉक्समध्ये ते बदलता येईलच असं नाही. म्हणून बॉक्सलाच वळसा घाला:

१. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय १ वर असेल तर स्ट्रीमिंग स्टिक किंवा प्लेअर एचडीएमआय २ वर लावा. टीव्हीतच अ‍ॅप असतील तर तेवढीही गरज नाही.

२. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना चालूबंद करण्याची सोय) बंद करा. सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. हे चालू असलं की टीव्हीबरोबर बॉक्सही जागा होऊ शकतो आणि इनपुट स्वतःकडे ओढून घेतो. माणसाला वाटतं टीव्ही बिघडला. एक तोटा आहे: साउंडबार एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीवर) असेल तर सीईसी बंद केल्यावर टीव्हीच्या रिमोटने त्याचा आवाज कमीजास्त होणार नाही, काही मॉडेलवर आवाज येणंच थांबतं. तसं झालं तर साउंडबार ऑप्टिकल वायरने जोडा.

३. बॉक्सचं स्वतंत्र बटण रात्री साडेआठनंतर भिंतीवरून बंद ठेवा. सगळ्यात साधं आणि सगळ्यात परिणामकारक.

४. बॉक्स लागतोच, कारण घरात मराठी मालिका बघतात? मग चॅनल लॉक वापरा. एका भाषेची न्यूज चॅनल साधारण ओळीने असतात, दहा मिनिटांत सगळी पिनने बंद होतात. शिवाय फेव्हरिट यादी करून फक्त तीच वरखाली होईल असं ठेवा.

चॅनल पॅकमधून काढता येतात का, असं कोणी विचारेल. येतात. १ फेब्रुवारी २०१९पासून एकेक चॅनल निवडण्याची सोय ग्राहकाला आहे. पण बरीच न्यूज चॅनल फुकट आहेत, त्यामुळे बिलात फार फरक पडेल असं समजू नका. दूरदर्शनची बंधनकारक चॅनल राहतातच. फायदा फक्त एवढा की रिमोट दाबताना काढलेली चॅनल मध्ये येत नाहीत.

फोनचं राहिलंच. टीव्हीवर प्वारो आणि हातात बातम्यांची सूचना, मग काय उपयोग? अँड्रॉइडवर आलेली सूचना दाबून धरा, तिथेच ती बंद करण्याचा पर्याय येतो. अ‍ॅप काढून टाकलं तरी क्रोममधून वेबसाइटच्या सूचना येत राहतात, त्या क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन वेगळ्या बंद कराव्या लागतात. हे लोक हमखास विसरतात. होम स्क्रीन उजवीकडे सरकवल्यावर बातम्यांचं पान उघडत असेल तर होम सेटिंगमधून तेही बंद होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीचा ग्रुप म्यूट करताना आठ तास निवडा, कायमचं निवडू नका.

नौपाडा_लायब्ररी
वाचनखूण साठवली. सीईसीचं आजच केलं पाहिजे.

वाशी_खाडीपूल
धाग्याशी सहमत, पण पूर्ण कान बंद करून ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहता येत नाही. तीन बातम्या हव्याच: पाऊस, पाणी आणि लोकल. त्या न्यूज चॅनलशिवाय मिळवण्याची सोय आधी करा, म्हणजे 'काही राहून तर गेलं नाही ना' ही हुरहुर राहत नाही. ती हुरहुरच माणसाला अर्ध्या एपिसोडमधून उठवते.

पावसासाठी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. ठाणे जिल्हा आणि रायगड वेगळे असतात, पनवेल-खारघरवाल्यांनी रायगडचा बघायचा. आकडे पाठ असू द्या: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६पासून अति मुसळधार आणि २०४.५पासून अत्यंत मुसळधार. रेड अलर्ट असेल आणि भरती नेमकी त्याच वेळी मोठी असेल तरच खरी काळजी, म्हणून भरतीची वेळ सोबत बघा. रविवारचा मेगाब्लॉक रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते, शनिवारी संध्याकाळी एकदा बघितला की झालं. पाणी बंद असेल तर महापालिका आधी कळवते, आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ते लागतंच.

हे सगळं साडेसातला दहा मिनिटांत होतं. उरलेल्या बातम्या सकाळी छापील पेपरात. पेपरला शेवटचं पान असतं.

तलावपाळी
@वाशी_खाडीपूल, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. सुटका म्हणजे अज्ञान असं कोणाला वाटायला नको.

पंख्याचा_आवाज
आवाजाबद्दल. ब्रिटिश मालिकांविषयीची सर्वात मोठी तक्रार 'बोलणं कळत नाही' ही असते, आणि दर वेळी दोष उच्चारांना दिला जातो. अर्धा दोष जोडणीचा असतो.

स्ट्रीमिंगवर ऑडिओ बऱ्याचदा ५.१ असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एका वूफरसाठी केलेला. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर. सगळं त्या दोनात कोंबलं की संगीत दणदणीत आणि बोलणं खोल विहिरीतून आल्यासारखं. उपाय: ऑडिओच्या यादीत साधा स्टिरिओ पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर टीव्हीच्या साउंड मेनूत 'क्लिअर व्हॉइस' किंवा त्या अर्थाचं जे असेल ते चालू करा, आणि 'नाइट मोड' असेल तर तोही, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि हळू आवाज वर येतात.

दुसरं कारण पंखा. आपल्याकडे एप्रिल ते ऑक्टोबर पंखा पाचवर असतो. त्याची घरघर आणि घोडबंदर रोडची गाज मिळून संवादातले 'स', 'फ', 'थ' खाऊन टाकतात. बहुतेक पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे भिंतीला चिकटवलेला टीव्ही आणखी बोबडा बोलतो. साउंडबार बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणि टीव्हीच्या पुढच्या कडेबरोबर ठेवा. शोकेसच्या कप्प्यात आत ढकलला तर पैसे वाया.

आणि सबटायटल लावायला लाजू नका. इंग्रजीच ठेवा, हिंदीत अनुवाद करताना सुगावे सांडतात. फक्त एक लक्षात घ्या: 'सीसी' किंवा 'एसडीएच' लिहिलेल्या सबटायटलमध्ये आवाजांचं वर्णनही येतं, आणि क्वचित अंधारात बोलणाऱ्याचं नाव आधीच लिहून येतं. तिथे रहस्य फुटतं. साधी सबटायटल मिळत असतील तर ती घ्या.

नेरुळची_सई
इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेल्या डीव्हीडी इथल्या प्लेअरवर का लागत नाहीत? 'इन्स्पेक्टर मोर्स'चा संच पडून आहे.

पंख्याचा_आवाज
रीजन कोड, म्हणजे डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा आकडा. ब्रिटन रीजन २ आणि भारत रीजन ५. प्लेअर 'रीजन फ्री' असेल तरच चालेल. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो, पण पाच वेळाच, मग कायमचा अडकतो, त्यामुळे सहज म्हणून बदलून बघू नका. मोर्सचे ३३ एपिसोड आहेत, १९८७ ते २०००, प्रत्येक पावणेदोन तासांच्या आसपास. एका रात्रीत एकच, आणि तोही सुट्टीच्या आदल्या दिवशी.

संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये बघताना सबटायटल मागेपुढे असतील तर जी आणि एच या कळा दाबा, एका दाबाला ५० मिलिसेकंद सरकतात. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जात असेल तर कळांनी सुटणार नाही. ती सबटायटल वेगळ्या गतीच्या प्रतीसाठी केलेली असतात. सेकंदाला २४ चित्रांची प्रत आणि २५ चित्रांची प्रत यांत चार टक्क्यांचा फरक, म्हणजे दीड तासात साडेतीन मिनिटांहून जास्त. दुसरी फाइल शोधा.

सुगावा
तलावपाळींनी 'कोलंबो' आधी सुचवला ते पटलं. पण ज्यांना खुनी ओळखायचा खेळ आवडतो त्यांच्यासाठी बघण्याची रीत लिहितो. हा खेळ मन लावून खेळला तर बातम्या आठवायला जागाच उरत नाही, कारण डोक्याला दुसरं काम मिळतं. नुसतं सोफ्यावर पडून बघितलं तर अर्ध्या वेळेला मन पुन्हा दिवसभराच्या गोष्टींकडे जातं.

कागद घ्या, फोन नको. डावीकडे माणसांची नावं, मधे 'शेवटचं कुठे होता', उजवीकडे 'कोण म्हणतं'. तिसरा रकाना सर्वात मोलाचा. एखाद्याची हजेरी फक्त एकाच माणसाच्या शब्दावर उभी असेल तर तिथे खूण करा. दोघं एकमेकांचे साक्षीदार असतील तर दोन खुणा.

मग या जागा बघा. दुसरा खून बहुधा मध्याच्या सुमारास होतो, आणि तो काहीतरी बघितलेल्या माणसाचा असतो. त्यामुळे पहिल्या अर्ध्यात जो नोकर किंवा शेजारी 'मला काहीतरी आठवतंय, पण...' म्हणतो, त्याचं प्रत्येक वाक्य लिहून ठेवा. कथेला पुढे न नेणारा प्रसंग दिसला, कोणी बागेत झाड लावतंय, कोणी घड्याळाला चावी देतंय, तर तो सुगाव्यासाठीच ठेवलेला असतो. पन्नास मिनिटांच्या एपिसोडमध्ये फुकट प्रसंगाला जागा नसते. ओळखीचा मोठा नट अगदी छोट्या भूमिकेत दिसला तर त्याच्यावर नजर ठेवा.

आयटीव्ही या ब्रिटनमधल्या खासगी चॅनलच्या मालिका जाहिरातींसाठी तोडलेल्या असतात. आपण जाहिरातींशिवाय बघतो तेव्हाही दृश्य काळं होऊन परत येतं तो तुकडा ओळखू येतो. त्या तुकड्याच्या आधीचा धक्का बऱ्याचदा पोकळ असतो, प्रेक्षक पळून जाऊ नये म्हणून घातलेला. त्यावर संशय बांधू नका. बीबीसीच्या मालिकांत हे नसतं.

'प्वारो'त सगळ्यांना एका खोलीत जमवलं की थांबवा. 'डेथ इन पॅरडाइज'मध्येही तशीच जागा आहे, तिथे तर इन्स्पेक्टरचा चेहराच सांगतो की त्याला कळलं. दोन मिनिटं घ्या, नाव आणि कारण लिहा, मग पुढे चालू करा. कारण लिहिणं सोडू नका. नाव अंदाजाने बरोबर येतं, कारण येत नाही.

घरात तिघं-चौघं असतील तर प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून घडी घालायची. मोठ्याने सांगितलं तर सगळ्यात ठाम बोलणाऱ्याचंच मत सगळ्यांचं होतं.

कोपरीकर
+१. चिठ्ठ्यांची कल्पना फारच आवडली.

शवविच्छेदन_नको
टोपणनाव थोडं गंभीर वाटेल, पण विषय तपासाचा आहे. या मालिकांत डॉक्टर वाकून बघतात आणि म्हणतात, 'मृत्यू दहा ते बाराच्या दरम्यान'. ते कशावरून, हे माहीत असलं तर बघण्याची गोडी वाढते.

थंड हवेत शरीर साधारण तासाला एक ते दीड अंश फॅरनहाइटने थंड होत जातं, त्यावरून मागे मोजतात. इंग्लंडमधल्या बंगल्यात हा हिशोब जमतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान ३४-३५ अंश सेल्सिअस आणि शरीराचं ३७, म्हणजे फरक दोन-तीन अंशांचा, शरीर थंड होणार कुठे? स्नायू ताठरणंही उष्ण हवेत लवकर सुरू होतं आणि लवकर संपतं. त्यामुळे कथेत एसी, हीटर, शेकोटी, उघडी खिडकी यांचा उल्लेख आला की समजा, लेखक मृत्यूच्या वेळेशी खेळतोय. @सुगावा, तुमच्या कागदावर याला वेगळा रकाना द्या.

जिथे मालिका खोटं दाखवतात ते दोन ठिकाणी. ल्युमिनॉल (रक्ताचे डाग शोधायचं रसायन) फवारलं की रक्ताचा डाग स्वतःच निळा चमकतो, त्याला निळी बॅटरी लागत नाही, खोली अंधारी असावी लागते आणि चमक काही सेकंदांत विझू लागते. शिवाय ब्लीचवरही ल्युमिनॉल चमकतं, म्हणजे फरशी ब्लीचने पुसलेली असेल तर निष्कर्ष गोंधळतो. आणि डीएनए अहवाल एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात येत नाही. 'सीआयडी'त डॉक्टर साळुंखे टेबलावरच निकाल देतात, तो वेळ वाचवण्याचा करार आहे आणि प्रेक्षकाने तो आनंदाने मान्य करावा.

कायदा_कळवा
त्यालाच जोडून. आपल्या मालिकांत शेवटी आरोपी पोलिसांसमोर सगळं कबूल करतो. गोष्ट म्हणून समाधानकारक आहे, पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्ये आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेला जबाब वेगळा. त्यामुळे प्रिय व्यक्तिरेखेने 'कबूल कर' म्हटल्यावर केस जिंकली असं समजू नका. त्याच तारखेपासून खुनाचं कलम ३०२ऐवजी भारतीय न्याय संहितेचं १०३ झालं. नवीन एपिसोडमध्ये आकडा वेगळा ऐकू आला तर तो चुकलेला नाही.

ब्रिटिश मालिकांतलं घड्याळ असं: आरोप न ठेवता २४ तास, वरिष्ठ अधिकाऱ्याने गंभीर गुन्ह्यात ३६पर्यंत वाढवले, आणि न्यायालयाकडून कमाल ९६पर्यंत. 'सोडून द्यावं लागेल' म्हणून सगळे धावत असतात ते यामुळे. हुद्द्यांची शिडी डीसी, डीएस, डीआय, डीसीआय (डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर) अशी वर जाते. 'शेटलंड' स्कॉटलंडमध्ये घडते, तिथे तपासावर प्रोक्युरेटर फिस्कल नावाचा सरकारी वकील असतो, म्हणून वरिष्ठ पोलिसही त्याला विचारतो. हे माहीत नसलं तर तो माणूस मध्येच कुठून आला असं वाटतं.

चाफेकळी
आपल्या मालिकांवर कोणी बोलतच नाही. दूरदर्शनवर १९८५मध्ये 'करमचंद' आली, गाजर खाणारा पंकज कपूर आणि किटीची सुश्मिता मुखर्जी. १९९३मध्ये बासू चॅटर्जींची 'ब्योमकेश बक्षी', रजित कपूर आणि के. के. रैना, आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपली सुकन्या कुलकर्णी. मराठीत 'एक शून्य शून्य' होती. 'सीआयडी'चे बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम त्याआधी तिथेच एकत्र होते.

रात्रीच्या शांततेसाठी यातली 'ब्योमकेश' सर्वोत्तम, असं ठामपणे म्हणेन. संगीत कमी, पळापळ कमी, दोन माणसं चहा पीत विचार करतात. हिंदी असल्यामुळे सबटायटलचा प्रश्न नाही, आजी-आजोबांनाही सोबत घेता येतं. बहुतेक कथा एकाच एपिसोडात संपते. दूरदर्शनचा जुना खजिना प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये आणलेल्या 'वेव्हज्' अ‍ॅपवर चाळून बघा. पैसे भरून कुठलंही अ‍ॅप घेण्याआधी हवी ती मालिका तिथे आहे का ते त्याच दिवशी शोधा, मालिका एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर जात असतात.

एक इशारा. गुन्ह्यांची नाट्यरूपांतरं दाखवणारे कार्यक्रम डिटेक्टिव्ह मालिका नव्हेत. ते खऱ्या प्रकरणांवर असतात. दारं तीनदा तपासून झोपायला लागाल.

कोपरीकर
सासरे आठ ते दहा बातम्याच बघतात, घरात टीव्ही एकच. अशा घरांनी काय करायचं? त्यांना नाही म्हणणं योग्य नाही.

जोडणी_ऐरोली
नाही म्हणू नका. बातम्या त्यांना हेडफोनवर ऐकू द्या आणि तुम्ही टॅबवर बघा, हा पहिला मार्ग. ज्येष्ठांना हेडफोनवर बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं, बऱ्याचदा ते खूश होतात. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज ओठांच्या मागे पडतो, टीव्हीच्या साउंड मेनूत 'एव्ही सिंक' असतं तिथे जुळवा. टीव्हीला ३.५ मिलिमीटरचं छिद्र असेल तर लांब वायरचा हेडफोन घ्या, उशीर शून्य. एवढं बघा, काही टीव्ही हेडफोन लावला की स्पीकर पूर्ण बंद करतात.

चाफेकळी
दुसरा मार्ग म्हणजे त्यांनाच 'ब्योमकेश'मध्ये ओढणं. साडेआठच्या हेडलाइन त्यांच्या, नऊपासून सगळ्यांची मालिका. चिठ्ठ्यांचा खेळ त्यांना नक्की आवडेल, पोलिसांविषयी त्यांचं मत आपल्यापेक्षा पक्कं असतं.

हार्बर_लाइन
पनवेलहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्यांना दोन्ही वेळा मिळून अडीच तासांच्या वर मिळतात, बहुतेक त्यात फोनवर बातम्या चाळतात. तिथेही हे चालतं, फक्त आधी डाउनलोड करा. स्टेशनांमध्ये नेटवर्क तुटतं आणि नेमक्या उलगड्याला गोल चक्र फिरतं. एचडीत स्ट्रीमिंग तासाला ३ जीबीपर्यंत खातं, एसडीत १ जीबीपर्यंत. मोबाइलच्या पडद्याला एसडी पुरतं. काही डाउनलोड एकदा सुरू केल्यावर ४८ तासांत संपतात, म्हणून आठवड्याचा साठा करून सगळे पहिले पाच मिनिट उघडून बघू नका. गर्दीत उभं राहून बघायचं असेल तर 'मंक' किंवा 'मर्डर, शी रोट' घ्या, पाऊण तासात एक. 'मंक'च्या १२५ एपिसोडमध्ये त्याच्या बायकोच्या खुनाचा धागा शेवटपर्यंत जातो, तेवढं सोडलं तर कुठलाही एपिसोड सुटा बघता येतो.

पारसिक
'फॉइल्स वॉर' कोणीच कसं लिहिलं नाही? दुसऱ्या महायुद्धातलं हेस्टिंग्ज हे इंग्लंडमधलं गाव, मालिका २००२ ते २०१५, एकूण २८ एपिसोड, प्रत्येक दीड तासाच्या पुढे. मायकेल किचनचा फॉइल आवाज न चढवता माणसाला उभं-आडवं करतो.

वाशी_खाडीपूल
पण त्यात रेडिओवर सतत युद्धाच्या बातम्या आहेत. धाग्याच्या हेतूच्या उलट नाही का?

पारसिक
नाही. ते युद्ध संपलं आहे आणि कसं संपलं हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे बॉम्ब पडतात तेव्हाही मनावर अनिश्चितीचं ओझं नसतं. उलट, बाहेर एवढं मोठं संकट असताना एका साध्या माणसाच्या खुनाचा तपास कोणीतरी सोडत नाही, याने फार धीर येतो. काही वरिष्ठ त्याला सांगत राहतात की युद्धात एका खुनाचं काय, आणि तो ऐकत नाही. तलावपाळींच्या पहिल्या कसोटीलाही उतरते, प्रत्येक कथा त्याच एपिसोडात पूर्ण.

तसंच इटलीचा 'मोंतालबानो', ३७ भाग, १९९९ ते २०२१. सिसिलीचा समुद्र, जेवणाची मोठमोठी ताटं, आणि मोंतालबानो जेवताना कोणी बोललेलं चालत नाही. इटालियन असल्याने सबटायटल वाचावीच लागतात, हा यातला खरा फायदा. नजर पडद्यावरून हटली की संवाद गेला. हात आपोआप फोनपासून दूर राहतो. हिंदी-इंग्रजी मालिका बघताना ज्यांचा अंगठा स्क्रोल करत राहतो त्यांनी मुद्दाम परक्या भाषेतली घ्यावी.

तलावपाळी
पटलं. 'फॉइल्स वॉर' माझ्या कसोट्यांत बसवतो, पण झोपेआधी दीड तास जास्त होतो त्यांनी दोन रात्रींत वाटून घ्या, दुसरा खून होऊन गेल्यावर थांबवा. त्याआधी थांबवलं तर रात्रभर 'आता कोण?' असं होतं.

आणि सगळ्यांनी पुढचा एपिसोड आपोआप लागणं बंद करा. नेटफ्लिक्सवर ते टीव्हीतून शोधत बसू नका, ब्राउझरमध्ये खात्यात जाऊन प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये मिळतं, आणि प्रत्येक प्रोफाइलला वेगळं करावं लागतं. नाहीतर उलगडा झाल्याचं समाधान बसायच्या आत पुढचं प्रेत हजर.

नेरुळची_सई
'कोलंबो' लावला. माणसं आडवी पसरलेली, चेहरे जाड दिसतात. टीव्हीचा दोष?

पंख्याचा_आवाज
नाही. ती मालिका जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी, ४:३ मापात केलेली आहे, तुमचा टीव्ही ताणून १६:९ करतोय. पिक्चर साइजमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच राहू द्या. 'झूम' निवडलं तर पट्ट्या जातात, पण वरचं-खालचं चित्र कापलं जातं, आणि कोलंबो बऱ्याचदा खालीच, टेबलावरच्या वस्तूंकडे बघत असतो. शिवाय 'मोशन'च्या नावाचं जे सेटिंग असेल ते बंद करा, त्याने जुनी फिल्म डेली सोपसारखी गुळगुळीत दिसते.

नेरुळची_सई
झालं, दोन्ही केलं. आता 'प्वारो'चा क्रम सांगा, पहिल्यापासूनच बघायचा का?

तलावपाळी
सुरुवातीचे पन्नास मिनिटांचे कुठूनही चालतात. प्वारोचे सोबती हेस्टिंग्ज, जॅप आणि मिस लेमन असलेले आधी संपवा, ते हलके आहेत. २००३नंतरचे सूर बदललेले आहेत, रंगही गडद आणि ती तिघं बहुतेक नसतात. ते चांगले आहेत, पण रात्री नऊला नकोत. आणि शेवटचा एपिसोड, २०१३चा, तो सगळे बघून झाल्याशिवाय अजिबात उघडू नका.